वर्ध्याचा रविवार

नागपुरातील व्यापारी परिवारांत पेढीवरची मंडळी आणि घरची मुले निवांतपणे एकत्र येतात ती बहुधा रविवारीच. तो दिवस मॉलच्या गर्दीत घालविण्याऐवजी सुमारे ७५ किलोमीटरवरील वर्ध्यास जावे. सहलीचा आनंद तर मिळतोच. शिवाय पाठशाळेत ऐकलेली व्रते माणसे प्रत्यक्ष कशी आचरतात, हेही मुलांना पाहावयास मिळते.

नवकारशी आटोपून निघाल्यास वर्ध्याच्या अलीकडे धाम नदीकाठी पवनार लागते. विनोबाजी १९३८ मध्ये येथे आले. १९५९ मध्ये त्यांनी भगिनींसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले. जैन परिवारांचा या स्थानाशी विशेष ऋणानुबंध आहे. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या सुमारास, सर्व संप्रदायांस मान्य होईल असा एक ग्रंथ व्हावा, हा विनोबाजींचाच आग्रह होता. जिनेंद्र वर्णीजींनी संकलनाचे परिश्रम घेतले. नोव्हेंबर १९७४ मध्ये दिल्लीच्या संगीतीत दिगंबर व श्वेतांबर परंपरांचे मुनी आणि विद्वान एकत्र बसले आणि ७५६ गाथांचे ‘समणसुत्तं’ सिद्ध झाले. ज्या घरांत संप्रदायभेदावरून सोयरीक अडते, त्यांनी ही हकिकत मुलांना अवश्य सांगावी. पुढे १९८२ मध्ये प्रकृती ढासळली, तेव्हा विनोबाजींनी अन्न, पाणी व औषध यांचा त्याग केला आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या म्हणजेच महावीर निर्वाणाच्या दिवशी, येथेच देह ठेवला.

वर्धा शहरात लक्ष्मीनारायण मंदिर पाहावे. सेठ जमनालाल बजाज यांनी १९२८ मध्ये सनातन्यांचा रोष पत्करून त्याची दारे अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुली केली. बाजारात पत सांभाळणाऱ्या माणसाने समाजाची नाराजी ओढवून घेणे म्हणजे काय, हे व्यापारी कुटुंबास निराळे समजावून सांगावे लागत नाही. जवळच मगन संग्रहालय आहे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. चरख्यांचे नानाविध प्रकार पाहण्यात मुले सहज रमतात. घरी नेण्यासाठी गोरस भांडारातून गाईच्या तुपातला गोरसपाक घ्यावा.

दुपारनंतरचा वेळ सेवाग्रामसाठी राखावा. गांधीजी १९३६ मध्ये या खेड्यात, तेव्हाच्या शेगावात, राहावयास आले. माती, बांबू आणि कौलांची बापूकुटी, जमिनीवरची बैठक आणि मोजक्याच वस्तू एवढाच तेथील संसार. आश्रमाच्या एकादश व्रतांत अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि असंग्रह ही पाचही आहेत. मुलांना ती लगेच ओळखू येतील. ज्यांचा प्रभाव गांधीजींनी मोकळेपणाने मान्य केला, ते श्रीमद् राजचंद्र मुंबईत जवाहिराचा व्यापार करीत, हेही येथे सांगण्याजोगे आहे. व्यापार आणि अपरिग्रह यांचे वैर नाही. मर्यादा मात्र व्यापाऱ्याला स्वतःच ठरवावी लागते.

हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो. म्हणून डबा सोबत ठेवून सूर्यास्तापूर्वी जेवण उरकावे, चौविहाराचे पच्चक्खाण घ्यावे आणि मग उघड्या आकाशाखालच्या सायंप्रार्थनेस बसावे. परतीच्या वाटेवर मुले विचारतील, एवढ्या थोड्या वस्तूंत कसे भागत असे? वडिलांनी उत्तराची घाई करू नये. सोमवारी गोदाम उघडताना तोच प्रश्न त्यांनाही पडेल.