समोरच्या खुर्चीतला माणूस

ॲलिस नील ही विसाव्या शतकातील अमेरिकन व्यक्तिचित्रकार. जन्म २८ जानेवारी १९०० चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातला. बालपण फिलाडेल्फियाजवळच्या कोल्विन या लहानशा गावात गेले. घरची परिस्थिती बेताची. वडील रेल्वेत हिशेबनीस. शिक्षणाला लागण्याआधी तिने काही वर्षे सरकारी कारकुनी केली आणि १९२१ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांसाठीच्या कलाशाळेत नाव घातले. तिथे तिचा हात तयार झाला. समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून त्याच्या आतल्या घालमेलीपर्यंत पोचणारी जी नजर पुढे तिची ओळख ठरली, ती मात्र शाळेत मिळालेली नव्हती. तिची किंमत तिला पुढे मोजावी लागली.

१९२५ मध्ये तिने कार्लोस एन्रिकेझ या क्यूबन चित्रकाराशी लग्न केले. दोघे हवानाला गेले आणि १९२६ च्या डिसेंबरात तिथे पहिली मुलगी झाली, सांतियाना. अमेरिकेत परतून न्यूयॉर्कला राहत असताना घटसर्पाने ती गेली, तेव्हा तिचा पहिला वाढदिवसही झालेला नव्हता. १९२८ मध्ये दुसरी मुलगी जन्मली, इसाबेत्ता. १९३० मध्ये कार्लोस तिला घेऊन क्यूबाला गेला, तिला आपल्या घरच्यांच्या हवाली केले आणि स्वतः पॅरिसला निघून गेला. अडीच-तीन वर्षांच्या आत एक लेक मृत्यूने नेली, दुसरी समुद्रापार गेली.

त्या वर्षीचे एक चित्र आहे, ‘फ्युटिलिटी ऑफ एफर्ट’. जवळजवळ सगळा कॅनव्हास राखाडी. त्यावर मोजक्या रेषांत एक पलंग आणि त्याच्या दांड्यांमध्ये अडकलेले एक लहान मूल. आई शेजारच्या खोलीत इस्त्री करत असताना पलंगात अडकून दगावलेल्या बाळाची बातमी नीलच्या वाचनात आली होती. तिने ती सांतियानाच्या मरणाला जोडून घेतली. चित्रात रडणे नाही, रंगांचा आक्रोशही नाही. सांगायचे तेवढे सांगून हात थांबला आहे, आणि म्हणूनच ते पाहवत नाही.

तो उन्हाळा नील आईवडिलांकडे राहिली. रोज फिलाडेल्फियात मैत्रिणींच्या स्टुडिओत जाऊन ती भान हरपून काम करत होती. त्या काळातील तिची काही चित्रे अतिशय बळकट आहेत. तरीही ऑगस्टमध्ये ती कोसळली आणि पुढे तिला इस्पितळात ठेवावे लागले. कला माणसाला सावरते असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा उन्हाळा विसरू नये. चित्रे होत होती, चांगली होत होती, आणि चित्रकर्ती आतून ढासळत होती. इस्पितळातून घरी आल्यावर जानेवारी १९३१ मध्ये तिने आत्महत्येचा प्रयत्न केला. त्यातून वाचल्यावर तिला फिलाडेल्फिया जनरल हॉस्पिटलमध्ये अशाच रुग्णांसाठी असलेल्या वॉर्डात ठेवले गेले, आणि नंतर शहराबाहेरच्या एका खासगी मनोरुग्णालयात. तिथे तिला चित्रे काढायला प्रोत्साहन मिळाले.

१९३१ सालचे त्या वॉर्डाचे एक पेन्सिलचे रेखाटन आजही आहे. उपचाराची खरी सुरुवात शोधायची तर ती या कागदावर शोधावी. दुःखात बुडालेल्या माणसाची नजर स्वतःभोवतीच फिरत राहते. रेखाटन करायचे तर तिला बाहेर यावे लागते: खाट कुठे संपते, शेजारच्या बाईचा खांदा किती वाकला आहे, उजेड कुठल्या बाजूने येतो आहे. हे पाहिल्याशिवाय रेषा पुढे सरकत नाही. त्या पाहण्यात आपले दुःख नाहीसे होत नाही. पण तेवढा वेळ जगात ते एकटेच उरत नाही. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात नील मनोरुग्णालयातून बाहेर पडली आणि पुढे न्यूयॉर्कला परतली.

परतल्यावर सगळे सुरळीत झाले असे मुळीच नाही. १९३४ च्या अखेरीस तिच्यासोबत राहणाऱ्या पुरुषाने संतापाच्या भरात तिची सुमारे साठ तैलचित्रे फाडली आणि शेकडो रेखाटने व जलरंगचित्रे जाळली. त्यातच त्याच वर्षी भेटीला आलेल्या इसाबेत्ताचे व्यक्तिचित्र होते. नीलने ते पुन्हा रंगवले. सहा वर्षांची मुलगी उघड्या अंगाने, कमरेवर हात ठेवून, सरळ बघणाऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून उभी आहे. आईला ती क्वचितच भेटली होती. म्हणूनच असेल, या चित्रात लाडिकपणा शोधूनही सापडत नाही. आहे तो एका स्वतंत्र व्यक्तीबद्दलचा धाक आणि आदर.

मंदीच्या काळात सरकारच्या कलाविषयक योजनेतून तिला नियमित मानधन मिळू लागले. १९३८ मध्ये ती स्पॅनिश हार्लेममध्ये राहायला गेली. कलाजगत शहराच्या दुसऱ्या टोकाला होते. इथे होते प्वेर्तो रिकोहून आलेले कामगार, त्यांची पोरेबाळे, बिऱ्हाडांनी भरलेल्या चाळवजा इमारती. नीलने वेगळा स्टुडिओ कधी थाटला नाही. घरातल्याच खोलीत शेजारीपाजारी खुर्चीवर येऊन बसत आणि चित्र होईपर्यंत गप्पा चालत. तिची दोन मुले, रिचर्ड आणि हार्टली, याच घरात वाढली.

‘टी. बी. हार्लेम’ हे १९४० चे चित्र तिथलेच. चित्रातला तरुण चोवीस वर्षांचा, क्षयरोगी. स्ट्रेप्टोमायसिन अजून सापडलेले नव्हते. फासळ्या काढून रोगी फुप्फुस दाबून बंद करणे हा तेव्हाचा एक उपचार होता. तो सोसून हा तरुण उशांना टेकला आहे. छातीवर पांढऱ्या पट्टीचा चौकोन, त्याच्याजवळ आलेला हात, एका बाजूला खचलेले अंग. शतकानुशतकांच्या ख्रिस्तचित्रांची आठवण व्हावी अशी ही ठेवण आहे. पण डोळे याच मोहल्ल्यातले आहेत: थकलेले, तरी समोरच्याला जोखणारे. दवाखान्याच्या कागदांत जो एक रुग्ण होता, तो इथे पुन्हा माणूस झाला. वॉर्डाच्या खाटेवरून जग पाहिलेली बाईच हे इतक्या जवळून पाहू शकली, असे म्हणायला जागा आहे.

अमूर्त चित्रकलेचा बोलबाला असलेल्या पुढच्या दशकांत व्यक्तिचित्रे जुनाट मानली जात. नील ती काढत राहिली. खोल्यांत कॅनव्हास साठत गेले. पन्नाशीच्या उत्तरार्धात तिने एका मानसतज्ज्ञाची मदत घेतली, आणि चित्रे लोकांपुढे नेण्याचे बळ तिला तिथून मिळाले. १९६० मध्ये तिने कवी व म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधील अधिकारी फ्रँक ओ’हारा यांना समोर बसवले. मग चित्रकार, समीक्षक, स्त्री-चळवळीतल्या कार्यकर्त्या तिच्याकडे येऊ लागल्या. तिची पद्धत साधी: पातळ निळ्या रंगाच्या रेषेने थेट कॅनव्हासवर आकृती धरायची आणि जिथे मन गुंतेल तिथेच रंग भरायचा. बाकीचे उघडे राहिले तरी चालते.

ही पद्धत १९७० च्या अँडी वॉरहॉलच्या चित्रात कळसाला पोचते. जून १९६८ मध्ये वॉरहॉलवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. तो कसाबसा वाचला, पण पोटाला आधार देणारा पट्टा कायमचा मागे लागला. प्रसिद्धीच्या झगमगाटात वावरणारा हा माणूस नीलसमोर अंगातला सदरा काढून बसला. डोळे मिटलेले, हात एकमेकांत गुंतलेले, धडावर शस्त्रक्रियेचे व्रण, कमरेला पट्टा. कोच नुसत्या रेषेत आहे, भोवती रिकामा कॅनव्हास. जखम लपवण्याची गरज वाटू नये असा विश्वास ही खोली देत होती. हा विश्वास, मला बरे करा असे न म्हणता आलेल्या माणसालाही, औषधाइतकाच उपयोगी पडतो.

१९७४ मध्ये व्हिटनी म्युझियमने तिचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले. १९७५ मध्ये तिने एक आत्मचित्र सुरू केले, बाजूला ठेवले आणि ऐंशीव्या वर्षी पुरे केले. निळ्या पट्ट्यांच्या ज्या खुर्चीत इतरांना बसवले, तिच्यातच ती विवस्त्र बसली आहे. डोळ्यांवर चष्मा, एका हातात कुंचला, दुसऱ्यात फडके. ओघळलेले पोट, उतरलेले स्तन, काहीही आवरून घेतलेले नाही. गाल लाल आहेत. हे चित्र काढताना जीव मेटाकुटीला आल्याने ते तसे झाले, असे ती सांगत असे. इतरांना जितक्या निर्भीडपणे पाहिले तितक्याच निर्भीडपणे स्वतःला पाहायला तिला सारे आयुष्य लागले. चित्र आता वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे.

इसाबेत्ताशी तुटलेले नाते मात्र जुळले नाही. ती क्यूबात वडिलांच्या माणसांत वाढली, आईच्या वाट्याला थोड्या भेटी आल्या, आणि १९८२ मध्ये तिने स्वतःचे आयुष्य संपवले. कलेने नीलला जगवले, कामाला लावले, अनोळखी माणसांशी जोडले. लेकीपर्यंतची वाट ती बांधू शकली नाही. १३ ऑक्टोबर १९८४ रोजी न्यूयॉर्कमध्ये नीलचे कर्करोगाने निधन झाले.