गेलेल्या संघाचा हंगाम

निवृत्त शाळामास्तराने फुटबॉलवर लिहावं याचं आमच्या नातेवाइकांना नवल वाटेल. मावळात खेळ म्हणजे जत्रेतली कुस्ती, नाहीतर कबड्डी. आता क्रिकेटही आहेच. पण नातवापायी 2017-18 सालचा इंडियन सुपर लीगचा एक अख्खा हंगाम मी या खेळाच्या नादी लागलो, आणि त्या हंगामाने माझ्या मनात एक प्रश्न सोडला तो अजून तसाच आहे.

संघ होता एफसी पुणे सिटी. 2014 साली लीग सुरू झाली तेव्हापासूनचा. पहिल्या तीन हंगामांत एकदाही तो पहिल्या चारांत आला नव्हता. चौथ्या वर्षी रांको पोपोविच नावाचे सर्बियन प्रशिक्षक आले. त्यापूर्वी जपानमध्ये एफसी टोकियो, सेरेझो ओसाका अशा संघांना त्यांनी शिकवलेलं. नातवाने ही माहिती मला पाढे म्हणावेत तशी म्हणून दाखवली होती!

आंबीत भाताची झोडपणी चालू होती तेव्हा हंगाम सुरू झाला. पहिलाच सामना दिल्लीशी, घरच्या मैदानावर, आणि 2-3 अशी हार. नातू जेवला नाही. चारच दिवसांनी कोलकात्यात जाऊन आपण 4-1 ने जिंकलो. ("आपण" हा शब्द माझ्या तोंडी कधी आला ते मलाही कळलं नाही.) डिसेंबरअखेर नॉर्थईस्टला 5-0 ने हरवलं, त्यात मार्सेलिन्योचे तीन गोल. तो आणि एमिलियानो अल्फारो, या दोघांची नावं घरात भाच्या-पुतण्यांसारखी घेतली जात. एकदोन सामने प्रत्यक्ष पाहिले. आंबीहून तळेगाव, पुढे देहूरोडवरून बालेवाडी, आणि रात्री उशिरा पेंगत परत.

अठरा सामन्यांत 30 गुण मिळवून संघ चौथा आला, पहिल्यांदाच उपांत्य फेरीत. 7 मार्च 2018 ला बालेवाडीत बंगळूरुशी 0-0 बरोबरी, आणि चार दिवसांनी बंगळूरूत 1-3 हार. तिन्ही गोल सुनील छेत्रीचे. नातू रडला, पण लगेच म्हणाला, "आबा, पुढच्या वर्षी बघा." मला हे वाक्य फार आवडलं. शाळेत नापास झालेल्या पोरांकडून मी वर्षानुवर्षं जे ऐकायला धडपडलो, ते हेच.

पुढच्या वर्षी संघ सातवा आला. आणि 2019 साली आर्थिक अडचणींमुळे संघच बंद झाला. त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. त्या हैदराबादने मार्च 2022 मध्ये विजेतेपदही मिळवलं.

आता हा एकच संघ असता तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याआधीचा पुणे एफसी हा संघ आय-लीगमध्ये 2012-13 साली दुसरा आला होता, तोही 2015 मध्ये बंद झाला. भारत एफसी तर एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्सही दोन हंगामांत लीगमधून गेला. पैसा आला की संघ येतो, पैसा आटला की जातो. पोरांनी जीव लावायचा तो कशाला?

जपानमध्येही असं घडलं आहे. 1993 साली तिथे जे-लीग सुरू झाली तेव्हापासून आग्रह असा, की क्लबच्या नावात कंपनीचं नव्हे, गावाचं नाव हवं. तरीही योकोहामा फ्लुगेल्स हा क्लब पैशाअभावी शहरातल्याच दुसऱ्या क्लबात विलीन करायचं ठरलं. 1 जानेवारी 1999 ला आपला शेवटचा सामना, सम्राट चषकाची अंतिम लढत, त्या खेळाडूंनी जिंकली आणि क्लब संपला. पण प्रेक्षक गप्प बसले नाहीत. त्यांनी योकोहामा एफसी हा स्वतःचा नवा क्लब काढला, आणि 2007 साली तो पहिल्या श्रेणीत खेळला.

इतकं लांब तरी कशाला जायचं? आपल्या कोल्हापुरात पाटाकडील तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ हे संघ पिढ्यान्‌पिढ्या खेळताहेत. शाहू स्टेडियमवर माणसं दाटीवाटीने बसतात. तिथे संघ हा पेठेचा असतो. पेठ उचलून हैदराबादला नेता येत नाही!

म्हणजे फरक पैशाचा नाही असं नाही म्हणणार मी. पैशावाचून खेळाडूंचा पगार कोण देणार? पण संघ अडचणीत आल्यावर "हा आमचा आहे" म्हणत उभं राहणारं कोणी असावं लागतं. पुण्याच्या संघाला प्रेक्षक भरपूर होते. मालकी मात्र त्यांची कणभरही नव्हती, आणि पाच वर्षांत ती भावना रुजायला वेळही मिळाला नाही. आमच्या मराठी शाळा बंद पडतात तेव्हाही मला हेच दिसतं. जिथे गावाने शाळा आपली मानली, तिथे ती तगते.

नातू आता कॉलेजात आहे, इंग्लंडच्या कुठल्याशा संघाचे सामने रात्री जागून बघतो. जवळचा संघ राहिला नाही म्हणून लांबचा धरला. त्याला दोष कसा देऊ?

असो. तुमच्या गावात असा पिढ्यान्‌पिढ्या टिकलेला एखादा संघ, तालीम किंवा मंडळ असेल, तर ते कशाने टिकलं ते जरूर कळवा. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.