मूळ बिघाड एक, बाकीचे माझे

त्या अँप्लिफायरमध्ये मूळ बिघाड एकच होता. एक कपॅसिटर गळत होता. नवा घेतला तर चहा-भज्यांपेक्षाही स्वस्त. बाकीचे सगळे बिघाड मी घातले, आणि दरवेळी दुरुस्ती करतोय अशा समजुतीतच घातले.

अँप्लिफायर मामांचा. अमळनेरला त्यांचा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्नं, गणपती, वैशाखात बोरीच्या पात्रात भरणारी सखाराम महाराजांची यात्रा, सगळीकडे हा पेटारा आणि दोन कर्णे जायचे. चाळीस वॅटचा, शेवटी ईएल ३४ची जोडी, रेक्टिफायरला जीझेड ३४, त्या जोडीच्या अलीकडे ईसीसी ८३. हे छोटे व्हॉल्व्ह आपल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. साठच्या दशकात त्यांनी फिलिप्सच्या सहकार्याने व्हॉल्व्ह काढायला सुरुवात केली आणि पुढे गावोगावच्या रेडिओत तेच दिसू लागले. डीजे आले तसा मामांचा पेटारा माळ्यावर गेला. ‘घेऊन जा जळगावला, तुला हौस आहे,’ असं मामा म्हणाले. हौस होतीच. ट्रान्झिस्टरची यंत्रं बरीच उघडून झाली होती, त्या जोरावर व्हॉल्व्हचंही आपल्याला कळतं असं मी धरून चाललो होतो.

सकाळी लावला की छान वाजायचा. दुपारी मात्र अर्ध्या-पाऊण तासात फ्यूज जायचा. मे महिना, जळगावचा पारा पंचेचाळीसच्या घरात. मी दोष लाइटला दिला. आमच्या डीपीवर शेतीपंपही आहेत. ते बंद झाले की व्होल्टेज चढतं, मीटरवर अडीचशेच्या वर गेलेलं मी पाहिलेलं. कारण आयतं मिळालं होतं, मग दुसरं शोधतो कोण? नवा फ्यूज घालायचा, गेलेला डबीत टाकायचा, असं चाललं.

फ्यूजच्या त्या काचेच्या नळ्यांकडे तेव्हाच डोळे उघडून पाहिलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. थेट शॉर्ट झाला की आतली तार वाफ होऊन उडते आणि काच आतून काळी किंवा चंदेरी होते. करंट थोडाच जास्त, पण बराच वेळ वाहत असला, तर तार मधोमध हळूच तुटते आणि काच स्वच्छ राहते. डबीतले माझे सगळे फ्यूज स्वच्छ होते. हे मी पाहिलं, पण सगळं जळून गेल्यावर.

जळून काय गेलं ते सांगतो. असा अँप्लिफायर मेनमधून साधारण दीडशे वॅट घेतो, म्हणजे पाऊण अँपियरसुद्धा नाही. मागच्या पत्र्यावर एक अँपियर आणि पुढे टी हे अक्षर छापलेलं होतं. टी म्हणजे स्लो-ब्लो: चालू करताना थंड फिलामेंट आणि रिकामे कपॅसिटर क्षणभर जास्त करंट ओढतात, तेवढा तो सोसतो. एका रविवारी दुपारी फ्यूज संपले, दुकानं बंद. मी पंख्याच्या वायरीतली तांब्याची एक बारीक तार काढून गुंडाळली. ०.२ मिलिमीटरची तांब्याची तार तुटायला सात अँपियरच्या आसपास लागतात. हे गणित मला येत होतं. पण गाणं अर्ध्यावर थांबलं होतं.

तार टिकली. एका ईएल ३४ची प्लेट आधी मंद, मग लालभडक झाली, आणि ‘काय छान तापलाय’ म्हणत मी बघत बसलो. खरं म्हणजे प्लेट लाल दिसली की एका हाताने स्विच बंद करायचा, विचार नंतर. ट्रान्सफॉर्मरमधून आधी व्हार्निशचा वास आला, मग धूर, मग चेसिसवर डांबरासारखं काळं काहीतरी ओघळलं. तो ईएल ३४सुद्धा गेला.

विहिरीवरच्या मोटारींमुळे खानदेशात रिवाइंडिंगवाले पुष्कळ, पण हजारो फेऱ्यांची बारीक तार भरणारे कमी. धुळ्यातल्या एका गल्लीत तसा एक जण आहे असं कळलं. जड ट्रान्सफॉर्मर पिशवीत घालून एरंडोल, पारोळा करत एसटीने धुळं गाठलं. त्या माणसाने लाकडी मोगरीने ठोकत एकेक पट्टी सुटी केली, जळका कागद नखाने उचलला आणि मान वर न करता विचारलं, “फ्यूज कितलाना व्हता, भाऊ?”

मी म्हटलं, “तार होती.”

“मंग ट्रान्सफॉर्मरच फ्यूज व्हयना,” तो म्हणाला आणि फेऱ्या मोजायला लागला.

ट्रान्सफॉर्मर येईपर्यंत गप्प बसायला हवं होतं. मी मात्र ‘आता नवं करतोयच तर’ म्हणून सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलायला घेतले. हम कमी व्हावा म्हणून रेक्टिफायरनंतरचा पहिला कपॅसिटर थेट २२० मायक्रोफॅरडचा घातला. जीझेड ३४च्या माहितीपत्रकात ही मर्यादा ६० दिलेली आहे. माहितीपत्रक माझ्याकडे होतं. ट्रान्सफॉर्मर बसवला, गेलेल्या ईएल ३४च्या जागी दुसरा घातला, स्विच टाकला. रेक्टिफायरमध्ये निळसर चमक आणि फ्यूज गेला. या वेळी काच काळी.

तो कपॅसिटर ४७चा केला. आता फ्यूज टिकला, पण काही मिनिटांत दोन्ही प्लेटा लाल. चेसिस उलटा केला तर एक नवाकोरा कपॅसिटर फुगलेला, बुडातून ओला. हा बायसच्या सप्लायमधला. ईएल ३४च्या ग्रिडला चेसिसच्या मानाने उणे पस्तीस-चाळीस व्होल्ट लागतात, तोच बायस. त्यामुळे तिथे कपॅसिटरचं धन टोक चेसिसला जातं. बाकी सगळीकडे ऋण टोक चेसिसला. मी हात बसल्यासारखे सगळे एकाच दिशेने जोडत गेलो होतो. उलटा लागलेला कपॅसिटर स्वतःच करंट वाहू लागला, बायस खाली आला आणि व्हॉल्व्ह मोकाट सुटले. तेवढ्यात योग्य फ्यूज उडाला, म्हणून धुळ्याची दुसरी वारी वाचली.

त्यानंतर मात्र मी सिरीज बोर्ड केला. शंभर वॅटचा पिवळा बल्ब अँप्लिफायरच्या मालिकेत: आत शॉर्ट असला तर बल्ब भगभगतो, ट्रान्सफॉर्मर सुखरूप राहतो. इथे एलईडी बल्ब चालत नाही. तोही लावून झाला आहे. सगळे व्हॉल्व्ह काढून बल्ब मंद, रेक्टिफायर घालून मंद, अलीकडचे छोटे घालूनही मंद. मग बल्ब काढून पूर्ण लाइटवर घेतलं. ईएल ३४ बाहेरच ठेवले आणि दोन्ही सॉकेटच्या पाच नंबरच्या पिनेवर, म्हणजे ग्रिडवर, मीटर लावलं. एकीकडे उणे सदतीस, हलायला तयार नाही. दुसरीकडे उणे चौतीस. खोली तापत गेली तसा हा आकडा तीस, चोवीस, असा उतरत पंधरावर आला.

अलीकडच्या ईसीसी ८३च्या प्लेटवर दोनशे व्होल्ट असतात. ते ग्रिडपर्यंत पोहोचू नयेत म्हणून मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कागदी कपॅसिटर असतो. तो मी सुरुवातीलाच मीटरवर तपासून ‘चांगला’ ठरवला होता, कारण ०.१ बरोबर दिसत होतं. पण मीटर त्याला एक-दोन व्होल्ट देतं, दोनशे नाही, आणि तोही गार असताना. २२० किलोओहमच्या ग्रिड रेझिस्टरमधून फक्त १०० मायक्रोअँपियर गळती झाली तरी बायस बावीस व्होल्टनी पडतो. सकाळी वाजायचा आणि दुपारी जायचा, तो एवढ्यासाठी. लाइटचा काही संबंध नव्हता.

दोन्ही बाजूंचे ६३० व्होल्टचे फिल्म कपॅसिटर घातले, ईएल ३४ची नवी जोडी घेतली. भर दुपारी, पंखा बंद करून, दोन्ही ग्रिड सदतीसवर स्थिर.

मामांना फोनवर खर्च सांगितला. कपॅसिटरचे किती, रिवाइंडिंगचे किती, व्हॉल्व्हचे किती, असं त्यांनी वेगवेगळं विचारलं आणि कपॅसिटरचे तेवढे द्यायचं कबूल केलं. हम अजून थोडा आहे. पहिला कपॅसिटर ४७चाच ठेवला आहे.