शाळेचा उंबरठा

जूनच्या मध्यास शाळा उघडू लागल्या, की महाविद्यालयापेक्षा पहिलीच्या वर्गाचेच मला अधिक कुतूहल वाटते. आमचा विद्यार्थी येताना आपली मते घेऊन येतो. पहिलीतले मूल रडे तेवढे घेऊन येते!

यंदा हे रडे मी वसईतल्या एका चिमुकल्या कॅथलिक प्राथमिक शाळेत ऐकले. पावसात भिजलेला एक पोरगा दाराशी उभा राहून सामवेदी बोलीत आईचा धावा करीत होता. बाईंनी त्याच बोलीत त्याची समजूत घातली, त्याची छत्री कोपऱ्यात ठेवली आणि मराठीतून प्रार्थना सुरू केली. दोन ओळी होतात न होतात, तोच त्याचेही हात जुळले. रविवारी चर्चमध्ये आजीशेजारी बसून त्याने ती ऐकली असावी.

वर्गात जेमतेम चार बाके भरली होती. पुष्कळ आईबाप आता मुलांना इंग्रजी शाळेत घालतात. इंग्रजीवर तर माझा संसार चालतो. तिची निंदा मी कोणत्या तोंडाने करावी? परंतु अशा वेळी मला फादर थॉमस स्टीफन्स आठवतात. हे इंग्रज धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यात आले; त्यांचे ओवीबद्ध मराठी ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापून निघाले ते १६१६ साली. परभाषेत घर करावयास त्या पंडितालाही सदतीस वर्षे लाभली. सहा वर्षांच्या पोराला मात्र आपण एक सकाळही देत नाही!