लेबलावर पाच, मीटरवर बावन्न

प्रिय हिरव्या लेझरा,

बुधवार पेठेतल्या एका दुकानदाराने तुला काचेच्या कपाटातून काढून माझ्या हातात दिलं, तेव्हा तुझी शिफारस एकाच वाक्यात केली, ‘सर, याने काडी पेटते.’ मला काडी पेटवायची नव्हती. मला व्याध दाखवायचा होता.

आकाशदर्शनाला मुलांना घेऊन जाणाऱ्या माणसाला तुझं मोल सांगावं लागत नाही. तू नव्हतास तेव्हा आम्ही हात लांब करून ‘ती बघ, त्या आंब्याच्या शेंड्याच्या जरा डावीकडे’ म्हणायचो आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलीला त्याच बोटाच्या टोकाशी भलतीच चांदणी दिसायची. तुझी रेषा उमटली की तीस जणांच्या नजरा एका ताऱ्यावर येऊन थांबतात. मृगाच्या पोटातल्या तीन चांदण्यांची ओळ धरून तुला खाली ओढत नेलं की व्याध, वर नेलं की रोहिणी. पानशेतच्या बाजूला एका माळावर एक आजोबा मला म्हणाले होते, ‘लहानपणापासून बघतोय हा पुंजका, कृत्तिका म्हणतात ते आज कळलं.’ तेव्हा माझ्या हातात तुझाच एक साधा, भिंग न फिरणारा भाऊबंद होता. तो बिघडला म्हणून तू आलास. तू वरच्या दर्जाचा, असं सांगितलं गेलं. तोंडाशी फिरणारी रिंग, ती फिरवून प्रकाश हवा तसा एकवटता येतो, बुडाशी किल्ली, आत १८६५० चा सेल. अंगावरच्या पिवळ्या लेबलावर छापलेलं, ‘५ मिलिवॉटपेक्षा कमी’.

हा पाचाचा आकडा कुणी सहज ठरवलेला नाही. एक मिलिवॉटपर्यंतचा दिसणारा प्रकाश डोळ्यात गेला तर पाव सेकंदात पापणी मिटते आणि तेवढ्यात सहसा इजा होत नाही. पाचापर्यंत धोका थोडा, काळजी घेतली तर टळणारा. त्यापुढे पाचशेपर्यंतचा वर्ग ‘३ बी’, आणि तिथे पापणीच्या वेगावर विसंबता येत नाही. डोळ्याचं भिंग तुझा समांतर प्रकाश दृष्टिपटलावर सुईच्या टोकाएवढ्या जागेत गोळा करतं. तिथे जळालेल्या पेशी पुन्हा येत नाहीत.

म्हणून तुला माळावर नेण्याआधी तपासायचं ठरवलं. एक मैत्रीण महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. तिच्या प्रयोगशाळेत ५३२ नॅनोमीटरचे संरक्षक चष्मे लावून, खोलीतल्या चकचकीत वस्तू झाकून तुला स्टँडवर बांधलं आणि समोर पॉवर मीटर ठेवला. काटा अठ्ठावन्न मिलिवॉटवर गेला. मैत्रिणीने अवरक्त प्रकाश अडवणारी काच मध्ये धरली, तेव्हा बावन्न उरले. म्हणजे हिरवा प्रकाश लेबलाच्या दहापट, आणि वरचे सहा मिलिवॉट कुणाच्याच डोळ्यांना न दिसणारे.

ते सहा कुठून आले, हे तुझ्या पोटात पाहिलं की कळतं. तू जन्मतः हिरवा नाहीस. आतला छोटा डायोड ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश देतो. निओडिमियम मिसळलेला व्हॅनडेटचा स्फटिक तो पिऊन १०६४ चा अवरक्त प्रकाश बाहेर टाकतो आणि केटीपी नावाचा दुसरा स्फटिक त्याची वारंवारता दुप्पट करतो. तरंगलांबी निम्मी होते आणि ५३२ चा हिरवा उमटतो. एवढी सगळी यातायात डोळ्यासाठी. दिवसाच्या नजरेला ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सगळ्यांत तेज वाटतो, त्यामुळे तेवढ्याच ताकदीच्या ६५० च्या लाल लेझरपेक्षा तू सुमारे आठपट ठळक दिसतोस. पण उरलेला अवरक्त प्रकाश तोंडाशी अडवायला एक गाळणीची काच लागते. तुझ्यात ती नाही. अवरक्त प्रकाश डोळा दिपवत नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही. काच गाळून वाचवलेल्या चार पैशांची भरपाई कुणाच्या तरी दृष्टिपटलाला करावी लागते, याचा मला मनापासून राग आहे.

पॉवर मीटर घरोघरी नसतो, पण ही गळती घरी पाहता येते. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मोजमापसंस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये ती युक्ती प्रसिद्ध केली. त्यांनी घेतलेला पंधरा डॉलरचा एक हिरवा लेझर मंद दिसत होता आणि हिरव्याच्या दहापट अवरक्त प्रकाश ओकत होता. जुनी सीडी घ्यायची, लेझर घट्ट बांधून तिच्यावर सोडायचा आणि परतणारे ठिपके कागदावर झेलायचे. सीडीवरच्या रेघा १.६ मायक्रोमीटर अंतरावर असतात, त्यामुळे सरळ सोडलेला हिरवा प्रकाश साधारण १९ अंशांवर वळतो, ८०८ चा ३० अंशांवर. तिथे डोळ्यांना काही दिसत नाही, पण अवरक्त गाळणी नसलेल्या वेबकॅमला ठिपका दिसतो. कॅमेरा कामाचा आहे का, हे टीव्हीच्या रिमोटचं बटण त्याच्यासमोर दाबून कळतं. पडद्यावर रिमोटचा दिवा चमकला पाहिजे. पाहायचं ते फक्त कॅमेऱ्याच्या पडद्यावर. तुझा ठिपका तिथे स्पष्ट उमटला.

आता तुझी रिंग. तुझं खरं वैशिष्ट्य तेच, म्हणून मी तिच्यावर सगळ्यांत जास्त वेळ घालवला. आटे ढिले आहेत. फिरवताना भिंग किंचित तिरकं होतं आणि ठिपका भिंतीवर वीतभर सरकतो. ताऱ्यावर धरलेली रेषा रिंग फिरवताच शेजारच्या ताऱ्यावर जाते, तेव्हा एकदा जुळवलं की हात लावायचा नाही. प्रकाश किती पसरतो हे मोजायला रात्री बंद बोळकांडीत १० आणि ३० मीटरवर आलेखाचा कागद लावला. पूर्ण एकवटलेल्या स्थितीत जवळचा ठिपका ६ मिलिमीटरचा, लांबचा १४ चा. वीस मीटरमध्ये आठ मिलिमीटरची वाढ, म्हणजे किलोमीटरभर अंतरावर जेमतेम चाळीस सेंटिमीटर. स्वस्त लेझरमध्ये इतकी घट्ट रेषा मिळणं सोपं नाही, हे श्रेय तुझं तुला.

पण हाच गुण मला घाबरवतो. पसरणारा प्रकाश अंतराबरोबर विरळ होतो. तुझा फार सावकाश होतो. परीक्षण करणारे ‘किती लांब जातो’ याला गुण देतात आणि लांब जाणं म्हणजे काय, ते वैमानिकाला विचारावं. तीन किलोमीटरवर तुझा ठिपका सव्वा मीटरचा असतो. कॉकपिटच्या काचेवर तो पडला की काचेच्या बारीक चऱ्यांवरून सगळीकडे उधळतो आणि धावपट्टीचे दिवे त्या हिरव्या झगझगाटात बुडतात, नेमके उतरण्याच्या वेळी. लोहगावच्या विमानतळाला चहूबाजूंनी वस्ती आहे. तिथल्या एखाद्या गच्चीवर एखादं पोर तुला हातात घेऊन उभं राहील, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

काडीची चाचणी मात्र मी केली नाही. भिंग वीतभरावर एकवटून काळ्या गुलावर धरलं तर काडी पेटेल, फुगाही फुटेल. त्यातून ना रेषेची सरळता कळते, ना प्रकाशाची स्थिरता, ना गळती. लेबल खोटं आहे, एवढंच ती काडी सांगते. पाच मिलिवॉटवर असे खेळ होत नाहीत. दुकानदाराने अभिमानाने सांगितलेलं ते वाक्य खरं तर कबुलीजबाब होता.

थंडीतही तू फिका पडलास. डिसेंबरात पहाटे घराबाहेर काढलं तेव्हा रेषा जवळजवळ दिसेना. खिशात दहा मिनिटं ऊब दिल्यावर परतली. डायोड गारठला की त्याची तरंगलांबी ८०८ पासून ढळते आणि स्फटिकाला तो प्रकाश नीट पिता येत नाही. हा दोष तुझ्या साऱ्या जातीचा आहे, त्याबद्दल तुला बोल लावत नाही.

तुझ्या कुळात आपल्या मातीतलं एक नाव आहे. चंद्रकुमार पटेल बारामतीत जन्मले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि १९६४ मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत त्यांनी कार्बन डायऑक्साइडचा लेझर घडवला. कारखान्यात कापकामाला तो लेझर आजही लागतो, पण बंद पेटीत, झाकण उघडलं की आपोआप थांबणारा, प्रशिक्षित माणसाच्या हाताखाली. तू मात्र उघड्या गल्ल्यावर, खोट्या लेबलासह, दहा वर्षांच्या मुलालाही मिळतोस. तू एकटा असा नाहीस. २०१३ मध्ये ‘निस्ट’ने जाहीर केलेल्या चाचण्यांत १२२ लेझर पॉइंटर तपासले होते. त्यांतले हिरवे जवळजवळ ९० टक्के तिथल्या सुरक्षानियमांत बसले नाहीत.

मिरवणुकांतले लेझर तुझ्याहून कितीतरी मोठे. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांकडे दृष्टिपटल भाजलेली तरुण मुलं आली आणि २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी मिरवणुकीतल्या लेझरवर बंदी घातली. ती मुलं विसर्जनाची मिरवणूक पाहायला गेली होती.

माझा निर्णय असा. रेषा उत्तम, रिंग सुमार, गाळणी नाही, लेबल खोटं. आकाश दाखवायला पाच मिलिवॉट पुरतात. अंधाऱ्या माळावर तेवढ्याने रेषा स्पष्ट दिसते आणि दहापट ताकदीची रेषा डोळ्याला दहापट ठळक वाटतही नाही. तेव्हा तुला मी माळावर नेणार नाही. सेल काढून ठेवला आहे, किल्ली वेगळ्या कपाटात आहे.

हे पत्र वाचणाऱ्यांना एक विनंती. घरात असा लेझर असेल तर त्याचं लेबल खरं धरू नका, आणि तो मीटरवर मोजून घेईपर्यंत मुलांच्या हाती देऊ नका.

तुझा,
एक आकाशनिरीक्षक