पुसून लिहिण्याची सोय

परवां कपाटाचा खालचा खण आवरीत असतां जुन्या गुणपत्रकांच्या गठ्ठ्याखालीं मला एक तबकडी सांपडली. तिच्या पाठीवर माझ्याच अक्षरांत 'आत्या, मे २००८' असें लिहिलेलें होतें आणि त्याखालीं पक्क्या शाईनें 'पुसूं नये' असा शेरा होता. माझ्या हल्लींच्या संगणकाला असली तबकडी घालण्याचें तोंडच नाहीं; त्यामुळें ती ऐकावयाची म्हटली तरी घरांत तशी सोय उरलेली नाहीं. मुलगा शेजारींच उभा होता. तो म्हणाला, "बाबा, यांतलें सगळें तुम्ही केव्हांच दुसरीकडे उतरवून ठेवलें आहे. मग हिचा आतां उपयोग काय?" त्याचें म्हणणें रास्त होतें. तरीही मीं ती पाकिटांत घातली व पुन्हां त्याच खणांत ठेवून दिली. मुलगा हंसला. त्याला त्या वेळीं जें सांगतां आलें नाहीं, तें येथें सांगण्याचा विचार आहे.

मी मुळांत खोडरबराचा भक्त आहें. लहानपणीं पाटीवर लिहितांना मला जितकी मौज वाटे, तितकीच वहींत शाईनें लिहितांना धास्ती वाटे. आजही व्याख्यानाचीं टिपणें मी शिसपेन्सिलीनें काढतों. एकदां लिहिलें तें कायमचें, ही कल्पनाच मला सोसवत नाहीं. म्हणून २००८ सालच्या उन्हाळ्यांत दुकानदारानें माझ्यापुढें दोन प्रकारच्या डीव्हीडी ठेवल्या, एक एकदांच लिहितां येणारी व दुसरी पुसून पुनःपुन्हां लिहितां येणारी, तेव्हां निवड करावयास मला क्षणाचाही वेळ लागला नाहीं. दुसरी थोडी महाग होती. पण ती हजार वेळां पुसून लिहितां येते, असें दुकानदारानें सांगितलें. हजार चुका करण्याची मुभा! इतकी मुभा मला माझ्या मास्तरांनीं, वडिलांनीं किंवा पत्नीनेंही कधीं दिली नव्हती.

या तबकडीवर मला माझ्या आत्याचा आवाज उतरवावयाचा होता. आत्या तेव्हां ब्याऐंशी वर्षांची होती व वाईजवळच्या एका खेड्यांत रहात होती. लहानपणीं सुटींत तिच्याकडे गेलों असतां पहाटेच्या अर्धवट झोपेंत तिच्या जात्याची घरघर व तीवर तरंगणाऱ्या ओव्या मीं ऐकल्या होत्या. पुढें गांवांत पिठाची गिरणी आली, जातें मागल्या पडवींत जाऊन बसलें आणि ओव्या आत्याच्या मनांत जाऊन बसल्या. हेमा राईरकर व गी पॉइटवां यांनीं खेडोपाडींच्या स्त्रियांकडून जमविलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या पलीकडे गेली आहे. त्यांच्या या कामासंबंधीं वाचल्यापासून माझ्या मनाला टोंचणी लागली होती. परक्यांच्या आत्यांच्या ओव्या परके लोक जपत आहेत, आणि मी मात्र माझ्या आत्याकडे जाऊन फराळ करून परत येतों!

शेवटीं भाच्याचा कॅमेरा मागून घेऊन मी गेलों. आत्यानें जात्याच्या खुंट्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि तासभर ती एकटीच म्हणत राहिली. पुण्यास आल्यावर तें चित्रण मीं संगणकांत घेतलें व कॅमेरा आंतील फितीसह परत केला. त्या फितीवर पुढच्याच आठवड्यांत एका लग्नाचें चित्रण झालें.

आतां संगणकांतील चित्रण तबकडीवर 'बर्न' करावयाचें होतें. बर्न करणें म्हणजे जाळणें. एखादी वस्तु जपून ठेवण्याच्या क्रियेला हा शब्द कोणीं योजिला असेल, याचें मला नवल वाटलें. पण चौकशीअंतीं तो शब्द अगदींच अयोग्य नाहीं असें दिसून आलें. या तबकडीच्या पोटांत चांदी, इंडियम, अँटिमनी व टेल्युरियम यांच्या मिश्रणाचा एक अतिशय पातळ थर असतो. लेसरचा तांबडा किरण त्यावरील एका सूक्ष्म ठिकाणाला पांचशें अंशांहून अधिक तापवितो. तें ठिकाण वितळतें, पण लगेच इतकें झपाट्यानें थंड होतें कीं, त्याला स्फटिक बनावयास सवड मिळत नाहीं. तें अस्ताव्यस्त स्थितींतच गोठतें. असल्या ठिपक्यांची रांग म्हणजेच तबकडीवरील लिखाण. पुसावयाचें झाल्यास त्याच ठिकाणाला सुमारें दोनशें अंशांची ऊब द्यावयाची, कीं अणु पुन्हां शिस्तींत बसतात व पाटी कोरी होते. अशा पदार्थांना एका स्थितींतून दुसरींत व पुन्हां पहिलींत नेतां येतें, हें दाखविणारा स्टॅनफर्ड ओव्शिन्स्की या अमेरिकन संशोधकाचा गाजलेला निबंध १९६८ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्यापाशीं कॉलेजची पदवी नव्हती, ही गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम होऊन सांगत नाहीं.

पहिल्या रात्रीं माझें काम निम्म्यावर थांबलें. दुसऱ्या रात्रीं तें अगदीं शेवटास येऊन थांबलें. तिसऱ्या रात्रीं यंत्रानें तबकडी आंत घेतली, बराच वेळ ती घुरघुरत फिरविली, आणि आंत कांहीं नाहींच असें सांगून बाहेर लोटली. प्रत्येक वेळीं मी काय करीत असें? तबकडी पुसावयाची व पुन्हां लिहावयास लावावयाची! पहिल्या दिवशीं मीं तबकडीला दोष दिला, दुसऱ्या दिवशीं दुकानदाराला, तिसऱ्या दिवशीं संगणकाला, आणि चौथ्या दिवशीं विजेच्या दाबाला. स्वतःची पाळी कांहीं आली नाहीं.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें सदाशिव पेठेंत संगणकदुरुस्तीचें दुकान होतें. त्याला मीं सारी हकीकत सांगितली. तो शांतपणें म्हणाला, "सर, प्रत्येक वेळीं तुम्ही काय बदललेंत?"

"कांहींच नाहीं. पुसलें आणि पुन्हां लिहिलें."

"मग निकाल कसा बदलणार?"

हें वाक्य नापास झालेल्या मुलांना मीच वर्षानुवर्षें ऐकवीत आलों होतों. तें असें व्याजासह परत येईल याची मला कल्पना नव्हती.

त्यानें मला जें सांगितलें, तें कोणत्याही तर्कशास्त्राच्या पुस्तकांत शोभेल असें होतें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. नाहीं तर दोष कशांत होता हें काम साधल्यावरही कळत नाहीं. तबकडीवर जो वेग छापलेला असतो त्याहून जलद लिहूं नये. किंबहुना जितकें सावकाश लिहिवेल तितकें लिहावें. लिहिणें चालू असतां संगणकाला दुसरें काम सांगूं नये आणि त्याला झोंपही लागूं देऊं नये. घाईचें पुसणें म्हणजे ग्रंथाची केवळ अनुक्रमणिका फाडणें होय, मजकूर जागच्या जागींच असतो. तेव्हां तबकडी त्रास देऊं लागली कीं, अर्धा तास गेला तरी चालेल, पण ती एकदां सबंध पुसावी. मऊ फडक्यानें ती मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नव्हे. कारण आडवा ओरखडा प्रत्येक ओळीचें एखादें अक्षर खातो, तर गोल ओरखडा सबंध ओळच खाऊन टाकतो. तरीही जमलें नाहीं तर दुसऱ्या बनावटीची तबकडी घेऊन पहावी. आणि तिचीही तीच गत झाली, तर मात्र यंत्राची लेन्स मळली असेल किंवा त्याचा लेसर म्हातारा झाला असेल. मी आभार मानून पायऱ्या उतरूं लागलों, तेव्हां तो मागून म्हणाला, "आणि सर, लिहून झाल्यावर तपासून पहायला विसरूं नका."

त्या रात्रीं मीं तबकडी सबंध पुसली, वेग सर्वांत कमी ठेवला, दुसरें कोणतेंही काम उघडें ठेवलें नाहीं व खुर्चीवर हात बांधून बसून राहिलों. अर्ध्या तासानें पडद्यावर 'काम यशस्वी रीतीनें पूर्ण झालें' अशी अक्षरें उमटलीं. लिहिलेलें तपासून पहावयाचें काय, असा प्रश्न आरंभींच पडद्यावर आला होता. पण त्याला आणखी बराच वेळ लागला असता, आणि अकरा वाजून गेले होते. मीं 'नको' म्हटलें होतें. दुसऱ्या दिवशीं परीक्षेच्या कामासाठीं संगणकांत जागा हवी होती. तेव्हां आत्याचें चित्रण मीं तेथून काढून टाकलें. तबकडी आहेच, असें माझें समाधान होतें.

दिवाळींत ती घेऊन मी गांवीं गेलों. घरांतील सारीं माणसें प्लेयरपुढें जमलीं. त्या जुन्या प्लेयरनें तबकडी आंत घेतली व आंत तबकडीच नाहीं असा निर्वाळा दिला. पुन्हां लिहितां येणारी तबकडी तीवर पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम पाव हिस्सा परत पाठविते. बाजारांतील चित्रपटांच्या साध्या तबकड्या त्याहून पुष्कळ अधिक पाठवितात. असा अंधुक चेहरा ओळखण्याची संवय जुन्या प्लेयरना नसते. हें मला तेव्हां ठाऊक नव्हतें. आत्या एवढेंच म्हणाली, "माझा आवाज त्याला आवडला नाहीं वाटतें."

पुण्यास परत आल्यावर मीं ती माझ्याच संगणकांत घातली. आत्या दिसूं लागली, म्हणूं लागली आणि माझा जीव खालीं पडला. पण त्रेचाळिसाव्या मिनिटाला तिचा चेहरा चौकोनांत फुटला, आवाज अडखळला व सारें थांबलें. या तबकडीवरील लिखाण आंतून सुरू होऊन बाहेरच्या कडेकडे जातें, आणि हलक्या तबकडीचा दोष बहुधा त्या कडेलाच उघडकीस येतो. जेथें आत्याचा गळा तापून ओव्या खऱ्या रंगास आल्या होत्या, तोच भाग कडेला होता. फितीवर लग्न होतें. संगणकांत परीक्षेचे आंकडे होते. जगांत ती एकच प्रत उरली होती, आणि तीही अशा वस्तूवर कीं, जी चुकीच्या एका कळीसरशीं कोरी झाली असती. ज्या सोयीसाठीं मीं चार पैसे अधिक मोजले होते, तिचीच आतां मला भीति वाटूं लागली. मीं पक्क्या शाईचें पेन शोधून काढलें व तबकडीच्या पाठीवर 'पुसूं नये' असें लिहिलें.

विद्यार्थी मला रागावला नाहीं. तो म्हणाला, "सर, आतां लिहिण्याचे उपाय विसरा. ही वाचण्याची अडचण आहे. प्रत्येक यंत्राची नजर निराळी असते. एकाला न लागलेलें अक्षर दुसऱ्याला लागतें." त्यानें ती तीन यंत्रांत घालून पाहिली. तिसरें अगदीं जुनाट होतें. पण त्यानें एकेक तुकडा पुनःपुन्हां वाचीत, अडेल तेथें सोडून पुढें जात, रात्रभरांत जवळजवळ सारें उतरवून दिलें. मधलीं तीन मिनिटें मात्र हातीं लागलीं नाहींत.

संक्रांतीला मी पुन्हां गांवीं गेलों व आत्यापुढें अपराध कबूल केला. ती हंसून म्हणाली, "अरे, मग पुन्हां म्हणतें कीं. त्यांत काय आहे?" या खेपेस शेजारची एक वृद्धा येऊन जात्याच्या पलीकडे बसली. पूर्वीं या दोघी मिळून दळीत असत. आत्यानें आरंभ केला. चार ओव्या झाल्या नाहींत तोंच शेजारणीनें तिला थांबविलें. "तसें नाहीं, वन्सं, तुम्ही दोन ओव्यांची मिसळ केलीत." दोघींची थोडी हुज्जत झाली. मीं उतरवून ठेवलेलें आठवून पाहिलें. मे महिन्यांत आत्या जसें म्हणाली होती, तसेंच ती आतांही म्हणत होती. शेजारीण मात्र निराळें म्हणत होती. कोणाचा पाठ बरोबर, हें मला ठरवितां आलें नाहीं. शेवटीं दोघींनीं मिळून एक पाठ कायम केला व जातें पुढें चालू झालें.

जात्याला दोघी बसतात त्या ओझें निम्में व्हावें म्हणून, असें मी तोंपर्यंत समजत होतों. त्या दिवशीं मला दिसलें कीं, समोर बसलेली दुसरी ही तपासणारीही असते. या ओव्या कोणीं कधीं लिहून ठेवल्या नव्हत्या. पहाटे त्या उमटत आणि पीठ भरेपर्यंत पुसल्या जात. दुसऱ्या दिवशीं पुन्हां उमटत. आत्याच्या एका जन्मांतच हें हजारांहून कितीतरी अधिक वेळां झालें असेल. तरी त्या टिकल्या, कारण म्हणणारीचें म्हणणें दुसरी कोणी तरी लगेच ऐकत होती. पुसून लिहिण्याच्या सोयींत वाईट असें कांहींच नाहीं. मी मात्र एकटाच बसलों होतों, मला झोंप आली होती, आणि यंत्रानें काम पूर्ण झालें म्हणतांच तें मीं खरें मानलें. उत्तरपत्रिका पुन्हां वाचल्याशिवाय देऊं नका, असें मुलांना सांगणाऱ्या माणसानें!

आत्या २०१३ सालीं गेली. तिचें चित्रण आतां तीन ठिकाणीं ठेवलेलें आहे, आणि दर दिवाळींत मी त्यांतील एकेक प्रत आरंभापासून शेवटपर्यंत ऐकतों. बाबांना आत्याआजीची आठवण येते, असें मुलाला वाटतें. तेंही खरेंच आहे.

पण त्याच्या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें राहिलें. त्या तबकडींतील सारें उतरवून घेतलेलें नाहीं. तीं तीन मिनिटें अजून तिच्यांतच आहेत. ते ठिपके कडेजवळ कोठें तरी जसेच्या तसे गोठलेले असतील. ते वाचणारी नजर मला अद्याप सांपडलेली नाहीं, इतकेंच. संक्रांतीला दोघींनीं म्हटलेल्या ओव्या माझ्यापाशीं आहेत, व त्या बहुधा अधिक शुद्धही असतील. पण मे महिन्याच्या त्या दुपारीं आत्या एकटीच डोळे मिटून काय म्हणाली होती, तें त्या खणांत आहे. म्हणून ती तबकडी मीं टाकली नाहीं.