गाडीपासून पलंगापर्यंत

चिमूर, जि. चंद्रपूर

प्रिय दादा,



तुझं पत्र तुळशीच्या लग्नाच्या गडबडीत मिळालं, म्हणून उत्तराला उशीर झाला. व्याही आणि विहीणबाई न्यू जर्सीहून येणार, नागपुरात दोन-तीन दिवस थांबणार, मग ताडोबा आणि आपलं चिमूर. त्यांच्यासाठी नागपुरातलं सगळ्यात भारी हॉटेल मी बघून ठेवावं, खर्चाचा विचार करू नये, असं तू लिहिलंस. बघितलं. पण विहीणबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं आहे, घरात काठी आणि लांब जायचं तर व्हीलचेअर लागते, हे तू पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलं आहेस. माझ्या लेखी पत्र तिथूनच सुरू होतं. हॉटेल किती भारी, हे आता त्यांच्या पायांना विचारून ठरवायचं.

तुला माहीत आहे, माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात गेली. माणसाला गाडीतून उतरवून खाटेपर्यंत न्यायचं, हे आम्हा नर्सेसचं रोजचं काम. त्या वाटेत एक उंबरा, एक ओली फरशी, एक अरुंद दार आलं की पेशंटचा चेहरा कसा होतो, ते मी पुष्कळ पाहिलं आहे. दुखण्यापेक्षा त्याला लाज जास्त वाटते. आपल्यामुळे चार माणसं खोळंबली, याची लाज. पैसे मोजून हॉटेलात उतरलेल्या आपल्या पाहुणीला ती वाटता कामा नये. म्हणून मी हॉटेलं बघितली ती गाडीच्या दारापासून पलंगापर्यंत.

आधी तारखेचं. तू डिसेंबर म्हणतोस. डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. मंत्री, आमदार, त्यांची माणसं, पत्रकार, अधिकारी, सगळी मुंबई तिथे येऊन बसते. चांगल्या खोल्या आधीच गेलेल्या असतात, उरलेल्यांचे भाव चढलेले असतात आणि मोर्च्यांमुळे सीताबर्डी, सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही. त्यापेक्षा माघात आण. थंडी बोचत नाही, ऊन चढलेलं नसतं आणि चिमूरला बालाजीची घोडायात्रा असते. व्याहींना बेचाळीसच्या लढ्याची आवड आहे म्हणतोस. मग १६ ऑगस्ट १९४२ ला ज्या गावात इंग्रजांच्या गोळ्यांपुढे माणसं उभी राहिली, ते गाव त्यांना स्वस्थपणे दाखवता येईल. फक्त यात्रेच्या ऐन गर्दीचा दिवस टाळू. त्या दिवशी व्हीलचेअर देवळापर्यंत नेणं माझ्याच्याने व्हायचं नाही.

आता जागा. नागपुरात भारी हॉटेलांचे दोन पट्टे आहेत. एक रामदासपेठेतला, सेंटर पॉइंट आणि तुली इम्पीरियलचा. दुसरा वर्धा रोडचा. तिथे विमानतळासमोर प्राइड, शहराकडच्या बाजूला रॅडिसन ब्लू आणि पुढे मिहानच्या बाजूला ल मेरिडियन. रामदासपेठेत उतरलं तर शहर पायाशी. सीताबर्डीचा बाजार, धरमपेठेतले नातेवाईक, मोठे दवाखाने, सगळं जवळ. वर्धा रोडवर उतरलं तर विमानतळ जवळ आणि आमच्याकडे यायची वाटही सोपी.

हॉटेल पाहुणा उतरतो तिथे असावं, ही समजूत जुनी आहे. जमशेटजी टाटांनी १९०३ साली मुंबईत ताज उघडलं ते अपोलो बंदराशी. बोटीतून उतरलेला माणूस थेट हॉटेलात. गेटवे ऑफ इंडिया तर त्यानंतर वीसेक वर्षांनी, १९२४ मध्ये खुलं झालं. आज आपला पाहुणा नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरतो, म्हणून हॉटेलं वर्धा रोडने सरकत गेली. अमेरिकेहून मुंबई, तिथे विमान बदलून नागपूर, एवढा प्रवास करून आलेल्या बाईला आणखी शहरातल्या सिग्नलांवर थांबवू नये. माझं मत वर्धा रोडला पडतं.

दुसरं कारण चिमूरचं. आमच्याकडे रेल्वे नाही. नागभीडहून नागपूरला जाणारी छोटी गाडी होती तीही ब्रॉडगेजसाठी २०१९ मध्ये बंद झाली. तेव्हा येणं-जाणं गाडीने किंवा एसटीने, भिसी, उमरेड करत, शंभरेक किलोमीटर. उमरेड रोडने सरळ गेलं की दिघोरी, सक्करदऱ्याच्या गर्दीत शिरावं लागतं. त्याऐवजी बाहेरचा रिंग रोड धरला की शहर बाजूला ठेवून जामठ्याशी वर्धा रोडला लागता येतं. मात्र जामठ्याच्या स्टेडियमवर क्रिकेटचा सामना नाही ना, एवढं आधी बघायचं. सामन्याच्या संध्याकाळी त्या रस्त्यावर गाडी हलत नाही.

तू आणि वहिनी पुण्याहून अजनीच्या वंदे भारतने या. अजनी स्टेशनपासून वर्धा रोड लांब नाही. वर्धा रोडवरून मेट्रोही जाते, विमानतळाचं वेगळं स्टेशन आहे, स्टेशनांवर लिफ्ट आहेत. तुम्हा दोघांना ती सोयीची. विहीणबाईंसाठी मेट्रो मी धरलेली नाही. स्टेशनात सोय आहे, पण हॉटेलच्या फाटकापासून स्टेशनपर्यंतचा फुटपाथ आणि तो रुंद रस्ता ओलांडणं, हे व्हीलचेअरवरच्या माणसाचं काम नाही.

आता हॉटेलाच्या आतलं. भाच्याची गाडी घेऊन मी दोन्ही पट्ट्यांत फिरले, शिलाईची टेप पर्समध्ये टाकून. एका ठिकाणी दारात गुळगुळीत काळ्या ग्रॅनाइटच्या दोनच पायऱ्या होत्या. रॅम्प कुठे, असं विचारल्यावर दरवानाने तत्परतेने सांगितलं, "मॅडम, आम्ही उचलून नेतो ना, चार पोरं आहेत." त्याचा भाव चांगला होता, त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण विहीणबाईंना चार परक्या पुरुषांनी खुर्चीसकट उचलायचं आणि लॉबीतल्या लोकांनी ते बघायचं? रॅम्प होता, तो मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या माल उतरवण्याच्या दाराशी. मी ते हॉटेल तिथेच सोडलं. पाहुण्याला पुढच्या दाराने जाता आलं पाहिजे.

दुसऱ्या ठिकाणी खोली दाखवली. सुंदरच होती. गालिचा पाऊल रुतेल असा, सोफा इतका खोल की बसलं की गुडघे छातीशी येतात. खुबा बदललेल्या माणसाला नेमकं हेच वर्ज्य असतं. बसताना गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. खुर्ची उंच, कडक आणि हातांची हवी. गालिच्यात काठीचं टोक अडकतं, व्हीलचेअरची चाकं जड होतात. पलंग माझ्या कमरेला लागत होता. बुटक्या बाईला त्यावर चढावं लागेल आणि रात्री अंधारात उतरावं लागेल. मग बाथरूमच्या दाराला टेप लावली. मोकळी जागा ६४ सेंटिमीटर. साधी व्हीलचेअरच जवळपास तेवढी रुंद असते, ढकलणाऱ्याची बोटं दोन्हीकडून सोलून निघतील. आत आंघोळीला टब, त्याची कड गुडघ्याएवढी, आणि धरायला भिंतीवर काही नाही. टॉवेलचा दांडा होता, पण त्याला धरून माणूस उठला तर दांड्यासकट खाली येईल.

हे मी उगाच काढलेले दोष नाहीत, दादा. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचे हॉटेलांना तारे देण्याचे नियम आहेत. त्यांत दिव्यांग पाहुण्यासाठी निदान एक खोली ठेवायची, तिचं आणि बाथरूमचं दार निदान एक मीटर रुंद ठेवायचं, फर्निचर कमी उंचीचं, कमोड-बेसिन बेताच्या उंचीवर, धरायला दांडे, दारात न घसरणारा रॅम्प, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. पण तारे घेणं हॉटेलांच्या मर्जीवर आहे, आणि एकदा दिलेला दर्जा पाच वर्षं चालतो. शिवाय नियमात एकच खोली असेल, तर ती एक खोली आपल्याला मिळते की नाही, यावर सगळं आलं. "आमच्याकडे आहे" आणि "तुमच्यासाठी राखून ठेवली आहे" यांत फार फरक आहे. ऑनलाइन बुकिंग करताना ती खोली बहुधा दिसतही नाही. फोन करून मागावी लागते, नंतर ईमेलवर लिहून घ्यावी लागते.

शेवटी वर्धा रोडवर एक जागा पसंत पडली. पोर्चपासून लॉबीपर्यंत जमीन सपाट. लिफ्ट लॉबीतच. खोलीच्या बाथरूमला सरकतं दार, आत उंबरा नाही, शॉवरखाली बसायला स्टूल आणि कमोडशेजारी दांडा. दांड्याला मी माझा सगळा भार देऊन पाहिला. बरोबर आलेला मुलगा आधी चपापला, मग त्याने आपणहून सांगितलं की शॉवरचं पाणी आधी गरम येतं, तेव्हा नळ सोडून थोडं थांबायला सांगा. असा माणूस जिथे कामाला आहे, तिथे मी डोळे मिटून पाहुणे ठेवीन. हॉटेलचं नाव फोनवर सांगते, पत्रात जाहिरात नको.

अजून एक गोष्ट मी मुद्दाम पाहिली, ती तुझ्या मनात आली नसेल. विहीणबाई नागपुरात आल्या की भिसीची मावशी, उमरेडची आत्या, गावाकडची आठ-दहा माणसं त्यांना भेटायला येणार. लुगड्यातल्या, हातात चिवड्याची पिशवी धरलेल्या या बायकांना फाटकावरच "कोणाकडे जायचं?" असं दरडावून विचारलं, तर त्या बाहेरूनच परत फिरतील आणि जन्मभर सांगतील की पोरीची सासू मोठ्या हॉटेलात उतरली होती. सोय म्हणजे पाहुण्याला आत जाता येणं, तशीच आपल्या माणसांना पाहुण्यापर्यंत पोचता येणं. म्हणून मी माझ्या जुन्या सुती साडीतच गेले. फाटकावर कसे वागवतात, लॉबीत बसू देतात का, पाणी विचारतात का, हे पाहिलं. मघाशी सांगितलेल्या जागी पाणी विचारलं. भेटायला येणाऱ्याचं ओळखपत्र मागतात, तो नियम आहे आणि योग्य आहे. मावशीला आधार कार्ड आणायला मी सांगून ठेवीन. व्याहींकडे अमेरिकन पासपोर्ट असणार. त्यांची माहिती हॉटेलला सरकारला कळवावी लागते, तेव्हा पासपोर्ट, व्हिसा किंवा ओसीआय कार्ड हातातल्या बॅगेत ठेवायला सांग, सामानात नको.

पैशाचं थोडं. खोलीचं भाडं रोज साडेसात हजारांच्या वर गेलं की जीएसटी अठरा टक्के लागतो, त्याच्या आत पाच टक्के. हिशेब करताना हे धर. दुसरं असं की खोली साधारण दुपारी दोनला मिळते. विमान सकाळी पोचणार असेल तर आदल्या रात्रीपासून खोली घे. एवढ्या प्रवासानंतर दुखऱ्या खुब्याने लॉबीत चार-पाच तास बसवून ठेवायचं नाही. हे भाडं वाया गेलं असं मनात आणू नकोस. आणि विमान कंपनीला व्हीलचेअरचं निदान दोन दिवस आधी सांगायला हवं, हे जावयाला आत्ताच कळव.

ताडोब्याचं वेगळं ठरवू. नागपुरात राहून सकाळची सफारी करायचा हट्ट धरू नका. गाड्या उजाडताना आत जातात, म्हणजे विहीणबाईंना मध्यरात्री उठवून शंभर किलोमीटर आणायचं. कोलारा गेट आमच्याच तालुक्यात, चिमूरपासून जवळ. सफारीच्या आदल्या दिवशी तिकडेच मुक्काम करू. मंगळवारी जंगलाचा कोअर भाग बंद असतो, तो दिवस वगळ. जिप्सीची पायरी उंच आहे, त्यात चढायला एक भक्कम लाकडी स्टूल मी घरून आणीन. कच्च्या रस्त्याचे धक्के खुब्याला सोसतील का, हे मात्र त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी जिप्सीत बसू देणार नाही. त्यांनी नाही म्हटलं तर व्याही वाघ बघायला जातील आणि विहीणबाई माझ्याकडे राहतील. आमच्या न्हाणीच्या भिंतीला दांडा बसवायला गवंड्याला सांगितलं आहे, उंबऱ्यापाशी लाकडी उतार करून घेते आहे.

तेव्हा तू आता एवढं कर: माघातल्या तारखा नक्की कर, विहीणबाईंची उंची आणि त्यांच्या व्हीलचेअरची रुंदी विचारून घे, आणि मला फोन कर. हॉटेलशी मी स्वतः बोलते. ती एक खोली दुसऱ्या कोणाला जाण्याआधी आपल्या नावावर लिहून घ्यायची आहे, म्हणून या आठवड्यातच कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण